ठासणीचं खिशातलं पिस्तूल : ठसे कसे वाचायचे?

शनिवारपेठी : वाड्याच्या माळ्यावरच्या पेटीत एक छोटं पिस्तूल निघालंय. लांबी साधारण १५ सेंमी, एकच गोल नळी, तोंडाशी आतून चार खाचा. घोडा मधोमध, निपलवर (बार पेटवणारी टोपी बसते त्या बोंडीवर) पडणारा. चाप दिसत नाही. नळीखाली लंबवर्तुळात ई-एल-जी अक्षरं आहेत, वर मुकुट नाही. बाजूला 'लंडन' कोरलंय. म्हणजे इंग्रजी का? कधीचं? घोडा गंजून बसलाय, साफ कसं करू?

ठसेपारखी : इंग्रजी नाही, बेल्जियमचं आहे. ई-एल-जी हा तिथल्या लिएज शहरातल्या, बंदुकांच्या नळ्या तपासणाऱ्या चाचणीगृहाचा ठसा. 'लंडन' कोरून माल विकायची तिथे सर्रास पद्धत होती, म्हणून कोरलेल्या नावापेक्षा चाचणीचा ठसा खरा मानायचा. बर्मिंगहॅमचं असतं तर १८१३ ते १९०४ या काळात मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड दिसले असते.

लंबवर्तुळावर मुकुट १८९३ पासून येतो, तेव्हा तुमचं त्याआधीचं. आता भिंगातून आसपास एखादं सुटं अक्षर शोधा. तो तपासनिसाचा ठसा. अक्षरावर मुकुट असेल तर १८५३ ते १८७७, तारा असेल तर त्यानंतरचं.

चाप हरवलेला नाही. या घडणीत तो आत दुमडलेला असतो, घोडा ताणला की खाली उतरतो. तोंडाच्या खाचा किल्लीसाठी. नळी फिरवून काढायची, मागच्या कोठीत दारू भरून वर गोळी ठेवायची आणि नळी परत बसवायची.

जुनी_नळी : घोड्याला हात लावण्याआधी ते भरलेलं नाही ना, ते बघा! कोरडी काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेटते. नळीचं तोंड माणसांकडे न धरता बारीक लाकडी काडी तळापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा आणि तीच काडी बाहेरून नळीला लावून बघा. दारूची कोठी नळीपेक्षा अरुंद असते. काडी निपलच्या बुडापर्यंत पोचली तर कोठी रिकामी. नळी आणि चौकटीच्या सांध्याशीच अडली तर आत गोळी असू शकते. मग तेल, उष्णता, ड्रिल काही नको, तसंच ठेवून पोलिसांना कळवा.

रिकामं असेल तर पातळ मशीन ऑइल सांध्यांत सोडून काही दिवस थांबा. लाल गंज सुती कापडाने आणि बांबूच्या काडीने काढा, तपकिरी थर राहू द्या. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही लावू नका. ठसे उथळ असतात, एकदा घासले की ओळख गेली. नळी पकडीने पिळू नका, गोल नळीवर दातांचे व्रण कायमचे राहतात. पावसाळ्यात चामडी म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं.

शनिवारपेठी : अक्षर सापडलं. एम, वर मुकुट.

ठसेपारखी : मग १८५३ ते १८७७.

कलम_४५ : जुनं म्हणजे परवाना नको, असं नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ (क) मधली सूट कालबाह्य, पुराणमूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला आहे, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. घोडा नुसता गंजलाय, हे तिथे पुरत नाही. त्यामुळे साफसफाईच्या आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा. पिशवीत घालून नेऊ नका, फोटो आणि अर्ज न्या, पुढे ते सांगतील तसं. पुणे शहरात परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत. निर्णय होईपर्यंत ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवता येतं, तेव्हा पावतीवर ठशांचं वर्णन लिहून घ्या.

शंभर वर्षांवरची वस्तू असल्याने १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो. परदेशी गिऱ्हाईक आलं तरी पाठवू नका.