निस्सान वन टनचे इंजिन ओळखताना

तुर्भ्याच्या गॅरेजमधील लष्करी निस्सान वन टन ट्रकच्या इंजिनाच्या ब्लॉकवर (सिलिंडर असलेला मुख्य भाग) मेकॅनिकने मोजलेली ३,९५६ सीसी ही क्षमता बरोबर असली, तरी तेवढ्यावरून ते या ट्रकचे मूळचे, निस्सानचे ‘पी’ नावाचे पेट्रोल इंजिन ठरवणे घाईचे होईल. निस्सानच्या त्याआधीच्या ‘एनसी’ इंजिनाचेही बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.७ आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ११४.३ मिमीच होते. साहजिकच सहा सिलिंडरचा हिशेब दोन्हीकडे सारखाच येतो. खरा फरक व्हॉल्व्हच्या जागेत आहे: ‘एनसी’मध्ये ते ब्लॉकमध्ये बाजूला असल्याने हेड (ब्लॉकवरचे झाकण) सपाट दिसते, तर ‘पी’मध्ये ते हेडमध्ये असल्याने वर लांबट, उंच टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचे झाकण) असते. जबलपूरला बनलेल्या जोंगा या लष्करी जीपसारख्या गाडीतही हेच ‘पी’ पेट्रोल इंजिन असल्यामुळे जोंगातून काढलेले इंजिन ट्रकला बसवलेले असू शकते, म्हणून आरसी बुकातील इंजिन क्रमांक ब्लॉकवर ठोकलेल्या आकड्यांशीच ताडून पाहावा. बॉनेटखालच्या क्रमांकाच्या पत्र्याच्या पट्टीवर मी तरी विश्वास ठेवत नाही. पेट्रोल इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटर आणि कार्बुरेटरऐवजी डिझेल पंपातून निघालेल्या सहा नळ्या दिसल्या (ठाण्यात पाहिलेल्या एका जोंगात तशा होत्या), तर ते ‘पी’ नव्हेच, पुढचा तपासच नको.