घोडी परत गाभण आहे, हार्मोनचं इंजेक्शन चालू करू का?

वाळपईकर:
नमस्कार मंडळी. वाळपईजवळ आमची बागायत आहे, तिथे एक मारवाडी घोडी, वय १४, वजन साधारण ४०० किलो. सत्तरीत घोडा म्हटला की लोकांना शिगम्यातली घोडेमोडणीच आठवते, खरी घोडी पाळणारे इथे फार नाहीत त्यामुळे विचारायला जवळ कोणी नाही. दोन वर्षं सलग गाभण राहिली आणि दोन्ही वेळा गेलं. पहिल्यांदा परत माजावर आली तेव्हाच कळलं. दुसऱ्यांदा ५० दिवसांच्या आसपास सोनोग्राफी केली, डॉक्टरनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि बोट ठेवून दाखवलं, ठोका नव्हता. आता परत लावलीय, १६ व्या दिवशी पिशवी दिसली, आज १८ वा. गावातले गुरांचे डॉक्टर म्हणतात आठवड्याला एक हार्मोनचं इंजेक्शन देऊ, म्हशींना देतो तेच. देऊ का? आई रोज सकाळी तिला गूळ दिल्याशिवाय चहा घेत नाही, परत तेच झालं तर तिला काय सांगू.

स्टडवरचा_म्हापसा:
दादा, आधी त्या इंजेक्शनचं नाव विचार. गुरांना देतात ते बहुतेक हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट असतं, आणि घोडीत त्याने गाभ टिकत नाही. गाईत काय होतं ते सोड, घोडीचं गर्भाशय त्या औषधाला दादच देत नाही. आम्ही पुण्याकडे स्टडवर होतो तेव्हा दोनच गोष्टी वापरायचो. एक तेलातलं साधं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभ टिकवणारं हार्मोन, १५० मिलिग्रॅम रोज स्नायूत, रोज म्हणजे रोजच, एक दिवस चुकवायचा नाही, आणि टोचून टोचून मान सुजते, शेवटी शेवटी घोडी सिरिंज बघूनच मागे सरते. दुसरं अल्ट्रेनोजेस्ट, प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं कृत्रिम औषध, तोंडातून, किलोमागे ०.०४४ मिलिग्रॅम. तुझ्या घोडीला साधारण साडेसतरा होतात, म्हणजे एका मिलीत २.२ मिलिग्रॅमवालं द्रावण असेल तर रोज ८ मिली, गालाच्या आतून जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचं. डोस डॉक्टरकडून पक्का करूनच घे हां.

फोंड्याची_ताई:
अल्ट्रेनोजेस्ट घेतलंत तर हातमोजे घाला, लॅटेक्सचे नको, नायट्राईलचे. ते कातडीतून अंगात शिरतं, बायकांची पाळी बिघडते, घरात कोणी गरोदर असेल तर तिने बाटलीला हातच लावू नये. आणि आईंना सांगा की औषध दिल्यावर लगेच गूळ भरवायला नको, घोडीच्या ओठाला लागलेलं हाताला येतं. गूळ आधी, औषध नंतर.

डॉक्टर_डिचोली:
वरचं सगळं बरोबर आहे पण मी आधी कारण शोधेन. वय १४ आणि दोनदा गेलेलं म्हणजे प्रोजेस्टेरॉन कमी असेलच असं नाही, गर्भाशयात जुना संसर्ग असेल तर हार्मोन देऊन तो आतच मुरतो. या वेळी आत स्वॅब घालता येणार नाही, पण रक्त काढून प्रोजेस्टेरॉन मोजून घ्या, ४ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर घोडी आपलं आपण बघतेय असं समजतात. औषध चालू करण्याआधीच काढलेलं बरं. अल्ट्रेनोजेस्ट त्या टेस्टमध्ये दिसत नाही म्हणून नंतरही मोजता येतं, पण तेलातलं इंजेक्शन दिलं की आकडा औषधाचा की घोडीचा ते कळणारच नाही.

१६ व्या दिवशी गर्भाशयाची दोन्ही शिंगं, म्हणजे त्याच्या दोन फांद्या, नीट बघितली होती का, जुळं नव्हतं ना? घोडीत जुळं म्हणजे बहुतेक दोन्ही जातात.

आणखी एक, औषध चालू असताना घोडी माजावर येत नाही, म्हणजे गर्भ मेला तरी बाहेरून काही कळत नाही आणि आपण महिनाभर मेलेल्या गर्भावर औषध देत बसतो. म्हणून २५ ते २८ दिवसांत ठोका बघा, मग ४५ ला, मग ६० ला. नुसत्या रक्ताच्या गर्भ तपासणीवर जाऊ नका, ३५ दिवसांनंतर गर्भाशयात जे कप तयार होतात ते गर्भ गेल्यावरही हार्मोन सोडत राहतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्हच येतो.

चालू केलंच तर १२० दिवसांपर्यंत, तोपर्यंत वार स्वतः काम हातात घेते. एकदम बंद नको, हळूहळू कमी करा.

वाळपईकर:
देव बरें करूं सगळ्यांना. डॉक्टरना फोन केला, तेच कॅप्रोएट निघालं, ते स्वतःच म्हणाले मग राहू दे. रक्त दिलं होतं, २.८ आलं. म्हापशाच्या दादांना मेसेज केलाय, औषध कुठून मागवायचं ते ते विचारून सांगतात. १६ व्या दिवशीचं रेकॉर्डिंग परत बघितलं, पिशवी एकच आहे, उजव्या शिंगात.

आईला मोज्यांचं सांगितलं, ती म्हणाली गूळ मी पहाटे देते, तुझं औषध तू मागाहून दे. २६ व्या दिवशी मशीन येतंय, ठोका दिसला की लिहितो.