घरून शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळा पेपर काढायचा का?

खानापूर_विज्ञान
पावसाळ्यात आमच्या खानापूर तालुक्यात (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस लागून राहिला की ओढ्यापलीकडच्या मुलांचं शिकणं मोबाइलवर येतं. मग फॉर्मेटिव्हला, म्हणजे वर्षभरातल्या शाळेच्या छोट्या चाचण्यांना, वर्गातल्यांना पेपर आणि घरच्यांना गुगल फॉर्म, असं सुरू होतं. माझं मत, वेगळी परीक्षा काढूच नये. घरी बसून सोडवता येईल असं एकच काम काढावं आणि वर्गात येणाऱ्यांनाही ते घरीच करायला द्यावं.

दहावीचा विजेचा धडा घ्या. प्रत्येकाने घरचं हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल घ्यायचं. चालू रीडिंगमधून मागचं वजा केलं की युनिट. गृहज्योती या सरकारच्या मोफत विजेच्या योजनेमुळे भरायची रक्कम शून्य असली तरी वापरलेले युनिट कळतातच. मग घरातली तीन उपकरणं, त्यांचे वॅट, रोजचे तास. 75 वॅटचा पंखा रोज 8 तास, 30 दिवस चालला तर 18,000 वॅट-तास, म्हणजे 18 युनिट. तिन्हींची बेरीज बिलाशी का जुळत नाही, ते पाच ओळींत लिहायचं. आकडे ज्याचे त्याचे, त्यामुळे दुसऱ्याची वही उतरून उपयोग नाही. 10 गुण : आकडे 2, मांडणी 3, एकक 1, कारण 4. मुदत सगळ्यांना 48 तास.

निपाणी_गणित
बाई, काम चांगलं आहे, पण ही परीक्षा नव्हे, गृहपाठ झाला. 48 तासांत ताई लिहून देईल, क्लासचे सर देतील, आता तर मोबाइलवरचं एआयसुद्धा देईल. पुढे दहावीला विज्ञानाचे 80 गुण हॉलमध्ये बसूनच मिळवायचे आहेत, शाळेच्या हातात फक्त 20. कोरोनातसुद्धा बोर्डाने 2021 मध्ये 19 आणि 22 जुलैला केंद्रावरच परीक्षा घेतली. विषयाला 40 बहुपर्यायी प्रश्न, गोळे रंगवायची ओएमआर शीट, सगळ्यांना एकच माप. लिहायचा सराव सुटला तर पोराचं नुकसान होतं, ते कोण भरून देणार?

जांबोटी_वर्ग
सर, त्याच ओएमआरवर ‘बेरीज का जुळत नाही’ हे कसं तपासणार? बहुपर्यायीत माप एक राहतं, पण मोजायची गोष्टच निसटते की.

कॉपीची भीती मात्र खरी आहे. त्यावर तोंडी प्रश्न हाच उपाय. कारणाचे 4 गुण लेखीतून काढा आणि साध्या फोनवर 3 मिनिटं विचारा. व्हिडिओ नको, रेंज टिकत नाही. ‘पंखा रोज 2 तास कमी चालवला तर?’ ज्याने गणित स्वतः मांडलंय तो 75 × 2 × 30 करून साडेचार युनिट सांगतो. ज्याने उतरवलंय तो 18 वरच अडतो. 40 मुलांना 120 मिनिटं, म्हणजे 40 मिनिटांच्या 3 तासिका.

निपाणी_गणित
3 तासिका, 6 विषय, वर्षात 4 फॉर्मेटिव्ह : 72 तासिका. त्या आणायच्या कुठून?

जांबोटी_वर्ग
चारही वेळा नको. प्रत्येक विषयाला वर्षातून एकदाच तोंडी, म्हणजे 18 तासिका. बाकी तीन वेळा मूल शाळेत आलं की त्याचीच वही पुढ्यात ठेवून, एक आकडा बदलून, 20 मिनिटं लेखी. तुमचा लिहायचा सरावही त्यातच होतो.

बेळगाव_मराठी
गुगल फॉर्मबद्दल एक सांगते. ‘एकच प्रतिसाद’ ही सोय चालू केली की गुगल खातं लागतं. घरात फोन एक, खातं एक, भावंडं दोन एकाच वर्गात. दुसऱ्याला फॉर्म भरताच येत नाही आणि शाळेत त्याची गैरहजेरी लागते. शिवाय मराठी टाइप करायला जमलं नाही की मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. विज्ञानाचा पेपर टायपिंगचा होऊन बसतो. कागदावरच लिहून घ्या. निळं किंवा काळं बॉलपेन, पेन्सिल नको, फोटोत उठत नाही. प्रत्येक पानावर हजेरी नंबर, फोटो खिडकीजवळ, वरून सरळ.

आणि बिल कन्नडमध्ये असतं. ‘हिंदिन’ म्हणजे मागचं, ‘इंदिन’ म्हणजे आजचं. एका अक्षराच्या फरकाने वजाबाकी उलटी होते. आधी फळ्यावर एक बिल वाचून दाखवा, नाहीतर मुलाचे गुण विजेवर नाही, कन्नडवर जातील.

निपाणी_गणित
तोंडी आणि वही समोर ठेवून लेखी, दोन्ही मान्य. 48 तास अजून मान्य नाहीत. 24 पुरे.

खानापूर_विज्ञान
24 तासांत लाइट आणि रेंज दोन्ही येतीलच असं पावसात धरता येत नाही. व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो घड्याळाचं चिन्ह दाखवत फोनमध्येच अडकतो. म्हणून मुदत फोटो पोहोचण्याची धरू नका; कागद नंतर शाळेत जमा होतोच. आणि ज्यांच्या घरी मीटरच नाही, किंवा तीन बिऱ्हाडांत एक मीटर आहे, त्यांना शाळेनेच बनवलेली नमुना बिलं द्या, प्रत्येकाला वेगळ्या रीडिंगची. ती कामाच्या आदल्या दिवशीच हातात पडली पाहिजेत.