चढ आणि एक बिंदू दिला असेल तर

एकाने विचारलंय की रेषेचा चढ ३ आणि तिच्यावरचा बिंदू (-२, ५) दिला असेल तर तिचं समीकरण काढायला य = मक्ष + क (म म्हणजे चढ, क म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते ती किंमत) मध्येच किमती टाकल्या तर चालेल ना, तर हो, अगदी चालेल, ५ = -६ + क म्हणजे क = ११, उत्तर य = ३क्ष + ११. पण मला बिंदूवालं सूत्र (चढ आणि दिलेला बिंदू वापरून थेट लिहिलेलं समीकरण) जास्त जवळचं वाटतं कारण ती मुळात चढाची व्याख्याच आहे. रेषेवरचा दुसरा कुठलाही बिंदू (क्ष, य) घ्या, दिलेल्या बिंदूपासून तो किती वर गेला भागिले किती आडवा गेला, हे कायम ३च यायला पाहिजे. (य - ५)/(क्ष + २) = ३, छेद पलीकडे नेला की सूत्र तयार, य - ५ = ३(क्ष + २). मुलं हमखास चुकतात ती इथेच, उणे २ वजा करायचे म्हणजे अधिक २ होतात आणि ती घाईत क्ष - २ लिहून मोकळी होतात.

शिकवताना मी थर्मामीटरचं उदाहरण घेते. सेल्सिअसचा १ अंश वाढला की फॅरनहाइटचे १.८ वाढतात, हा झाला चढ, आणि पाणी इकडे १०० ला उकळतं तेव्हा तिकडे २१२ असतात, हा बिंदू. फ - २१२ = १.८(स - १००). कंस सोडवा, ते ३२ आपोआप बाहेर येतात, पाठ करायलाच लागत नाहीत! मग स च्या जागी ३७ टाकायला सांगते, ९८.६ येतं, घरात ताप बघताना ऐकलेला आकडा, आणि पोरांचे चेहरे तेव्हा खरंच बघण्यासारखे असतात.

उभ्या रेषेला मात्र हे लावू नका, तिथे आडवं अंतरच शून्य, चढ निघतच नाही, सरळ क्ष = -२ असं लिहायचं.