आईला नसेजवळ इंजेक्शन सांगितलंय, कोणी घेतलंय का?

ठाण्याहून लिहितेय. आईला डाव्या कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. घोडबंदरला रिक्षा खड्ड्यात आदळली की डोळ्यांत पाणी येतं. एमआरआयमध्ये दोन ठिकाणी मणक्यातली गादी सरकलेली दिसलीय. इंजेक्शनने नेमकं काय कळतं?

— ताई, मी वाशीचा. मार्चमध्ये घेतलं. पालथं झोपवून, एक्स-रेवर बघत सुई नेतात. नसेजवळ पोचली तेव्हा तीच ओळखीची कळ पायात उतरली, ओरडलोच मी. बधिर करणाऱ्या औषधाने अर्ध्या तासात दुखणं थांबलं, म्हणजे दुखरी नस बहुतेक तीच. रात्री कळ परतली. घाबरू नका, त्याच इंजेक्शनमधल्या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा गुण यायला काही दिवस लागतात. इंजेक्शननंतर दर तासाला किती दुखतंय ते वहीत लिहा.

— मधुमेह असेल तर साखर काही दिवस वाढते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

— गोळी चालू आहे! सकाळीच डॉक्टरांना फोन करते.