‘डाएट कोल्ड्रिंकने कॅन्सर’: ही बातमी कितपत खरी मानायची?

प्रश्न: जुलै २०२३ची बातमी पुन्हा फिरतेय: ‘अस्पार्टेममुळे कर्करोग, डब्ल्यूएचओचा इशारा’. (अस्पार्टेम म्हणजे डाएट पेयांत साखरेऐवजी घालतात तो कृत्रिम गोड पदार्थ.) मधुमेह असलेल्यांनी डाएट पेयं लगेच बंद करावीत का?

उत्तर १: मथळ्यात अर्धीच गोष्ट आहे. त्या दिवशी दोन समित्यांची मतं आली होती. आयएआरसी, म्हणजे डब्ल्यूएचओची कर्करोग संशोधन संस्था, फक्त पुरावा किती भक्कम आहे ते तपासते, किती खाल्ल्यावर धोका ते नाही. तिने अस्पार्टेम ‘२बी’ गटात टाकलं, म्हणजे पुरावा मर्यादित. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. प्रमाण ठरवते ती जेक्फा, म्हणजे अन्नात मिसळायच्या पदार्थांची तज्ज्ञ समिती. तिने रोजची मर्यादा, शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम, तशीच ठेवली. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरा. ७० किलोच्या माणसाला मर्यादा ओलांडायला रोज ९ ते १४ कॅन लागतील, तेही इतर कशातून अस्पार्टेम जात नसेल तर.

उत्तर २: वरच्यांशी सहमत, पण फिनाइलकीटोन्युरिया (अस्पार्टेममधला फिनाइलअॅलनिन हा घटक शरीराला नीट पचवता न येणारा जन्मजात आजार) असलेल्यांनी अस्पार्टेम टाळायलाच हवं. लेबलवर फिनाइलअॅलनिनची सूचना बघा. बाकी मधुमेहींनी घाबरून साखरेच्या पेयाकडे वळणं जास्त घातक. साधं पाणी, बिनसाखरेचं ताक केव्हाही बरं.

उत्तर ३: अशा बातम्यांत टक्केवारी दिसली की मूळ धोका किती, हे आधी शोधा. २०१५मध्ये ‘रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसाने आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो’ असे मथळे आले. आयुष्यभरात शंभरात ५ जणांना हा कर्करोग होत असेल, तर रोज तेवढं मांस खाणाऱ्यांत तो आकडा सुमारे ६ होतो. मथळ्यात हे कधीच नसतं.