शिमोनादा स्थानक पाहायला जाताना काय सांभाळावे?

प्रश्न
ऑक्टोबरमध्ये आम्ही जपानला जात आहोत आणि शिकोकु बेटावरील शिमोनादा स्थानक पाहण्याची आईची फार इच्छा आहे. तिचे वय ७२ आहे. छायाचित्रांत रिकामा फलाट, एक बाक आणि पलीकडे समुद्र एवढेच दिसते. तेथे कर्मचारी असतात का, सूर्यास्तापर्यंत फलाटावर बसलेले चालते का आणि स्थानिकांना आपला उपद्रव होऊ नये म्हणून काय पाळावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
कर्मचारी नसतात. १९३५ साली सुरू झालेले हे स्थानक असून आता तेथे लाकडी इमारत, एकच फलाट आणि बाकावरचे छोटे छप्पर एवढेच आहे. १९८६ मध्ये उचिकोमार्गे आतल्या बाजूने नवा मार्ग झाल्यावर जलद गाड्या तिकडे वळल्या आणि किनाऱ्यालगतच्या या मार्गावर मोजक्या साध्या गाड्या उरल्या. पुढे ‘सेइशुन जूहाची’ या सवलतीच्या तिकिटाच्या जाहिरातफलकांवर स्थानक झळकले आणि लोकांची रीघ लागली. त्यामुळे छायाचित्रातला तो रिकामा बाक प्रत्यक्षात क्वचितच रिकामा सापडतो. आपला फोटो झाला की उठावे, एवढा संकेत पाळला तरी पुष्कळ झाले. आईंना मात्र कोणीही आनंदाने बसू देईल.

गाड्या मोजक्या म्हणून रुळांवर उतरणारे लोक मी पाहिले आहेत. हे कदापि करू नये. मार्गावर विजेच्या तारा नाहीत, डिझेलची एका डब्याची गाडी येते, आणि समुद्रावरून वारा वाहत असला की तिचा आवाज अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही.

प्रतिसाद २
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. एक भर घालतो. फलाट आणि समुद्र यांच्यामध्ये खाली चक्क रस्ता आहे, तो छायाचित्रांत लपतो. समुद्रात भराव घालून तो बांधण्यापूर्वी पाणी जवळजवळ फलाटाखाली येत असे. चांगल्या कोनासाठी मागे सरकत रस्त्यावर जाऊ नये; तेथे वाहने वेगाने येतात. स्थानकाच्या मागे लोकांची राहती घरे आहेत, त्यांच्या दारात गाडी लावणे किंवा कुंपणावर ट्रायपॉड टेकवणे बरे दिसत नाही.

शक्य असल्यास मात्सुयामाहून रेल्वेनेच जावे. गाडीत चढताना दाराजवळच्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी आणि उतरताना ती भाड्यासह चालकाशेजारच्या पेटीत टाकावी. सुटी नाणी जवळ ठेवावीत, नाहीतर ऐन उतरताना मागे रांग खोळंबते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. रूळ थेट समुद्रात उतरतात अशी जागा याच स्थानकावर आहे का?

प्रतिसाद १
नाही, ती जवळच असली तरी वेगळी आहे. ते रूळ रेल्वेचे नव्हेत, नौका पाण्यात सोडण्यासाठी टाकलेले आहेत. पाण्याजवळचा उतार शेवाळामुळे निसरडा असतो, तेव्हा आईंना वरूनच दाखवा.

सूर्यास्ताबद्दल सांगायचे राहिले. बसायला हरकत नाही, पण परतीच्या गाडीची वेळ आधीच कागदावर लिहून ठेवावी, कारण एक चुकली तर पुढची बराच वेळ येत नाही. मी एकदा चुकवली आहे. अंधार, वारा आणि पातळ जाकीट, असा तो कार्यक्रम होता! आईंसाठी शाल घ्या.